तुटक्या तारेचा निरोप

गेल्या दिवाळीच्या सुटींत वसतिगृहाच्या विहिरीवरील पंप एके रात्रीं आपोआप सुरू झाला. वरची टाकी भरलेली होती, मुलें आपापल्या घरीं गेलेलीं होतीं, आणि कळ कोणींच दाबलेली नव्हती. पहारेकऱ्यानें पंप बंद केला. तासाभरानें तो पुन्हां सुरू झाला, आणि थोड्या वेळानें आपला आपणच थांबला. सकाळीं माळीबुवा पंपाच्या दांड्याला गुंडाळलेलें गवत सोडवीत बसले होते. तहान लागली म्हणून ते उठले, आणि दहा पावलें गेले नाहींत तोंच पंप तिसऱ्यांदा फिरूं लागला.

हा पंप चालविणारें यंत्र आमच्या विज्ञानमंडळाच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेलें आहे. स्नेहसंमेलनांत त्याचें कौतुक झालें, व पालकांपैकीं कित्येकांनीं तें स्वतः पाहिलें. त्याची आंखणी आम्हीं तपासली होती. तेव्हां तींत जी चूक राहिली ती आमच्या नजरेखालून गेलेली चूक आहे. ती कोणती, व ती कशी दूर केली, हें मुलांना व त्यांच्या पालकांना सांगणें आम्हांला आवश्यक वाटतें.

टाकी प्रार्थनामंदिरामागील टेकडीवर आहे व विहीर खालीं मळ्यांत. मध्यें सुमारें १५० मीटर अंतर. टाकींतील तरंगता गोळा खालीं गेला कीं टाकीजवळचा मायक्रोकंट्रोलर तारेवरून एक अक्षर पाठवी. त्याचा अर्थ ‘पंप लावा’. टाकी भरली कीं दुसरें अक्षर जाई. त्याचा अर्थ ‘थांबवा’. विहिरीकडील यंत्र उलट उत्तर देई, व त्यावरून वसतिगृहांतील दिवा लागे. दोन्ही बाजूंचें बोलणें एकाच तारेवरून चालत असल्यामुळें एक बोलूं लागला कीं दुसऱ्यानें गप्प बसावें, व आपलें बोलून झालें कीं प्रत्येकानें तार मोकळी सोडावी, असा नियम होता.

सुटीच्या पहिल्याच दिवशीं केळीचें आळें खणतांना ती तार कुदळीनें तुटली. माळीबुवांना तें कळलें नाहीं, आम्हांलाहि नाहीं. तार तुटली म्हणजे निरोप बंद, आणि निरोप बंद म्हणजे पंपहि बंद, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणेल. आम्हीहि तसेंच समजत होतों. वास्तविक तार तुटल्यामुळेंच निरोप येऊं लागले होते!

हें समजण्यासाठीं तारा दोन कां असतात तें प्रथम पाहूं. जुन्या तारायंत्रांत खांबांवरून एकच तार नेत व परतीचा रस्ता म्हणून जमिनीचा उपयोग करीत. टेलिफोन आला तेव्हां तीच युक्ति त्यालाहि लावली; पण टेलिफोनचा कान फार तिखट. शेजारच्या तारायंत्राचा कडकडाट त्याला बोलण्यापेक्षां मोठा ऐकूं येऊं लागला. यावर उपाय म्हणून दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्या, अशी योजना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं काढली व १८८१ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पीळ असल्यामुळें बाहेरच्या गोंगाटाला दोन्ही तारा सारख्याच जवळ किंवा सारख्याच दूर पडतात. गोंगाटामुळें एकीचा दाब जितका वाढतो तितकाच दुसरीचाहि वाढतो. ऐकणाऱ्यानें दोहोंतील फरक तेवढा पाहिला कीं गोंगाट वजा होतो, आणि निरोप उरतो. कारण निरोप धाडतांना एक तार चढवावयाची व दुसरी उतरवावयाची असते.

फरक पाहणाऱ्या अशा ग्राहकाला इंजिनियर लोक डिफरन्शियल इनपुट म्हणतात. आम्ही त्याला तराजू म्हणूं, कारण त्याचा स्वभाव तराजूचाच आहे. दोन्ही पारड्यांवर सारखी धूळ बसली तर दांडी ढळत नाहीं. एका पारड्यांत वजन पडलें कीं ती लगेच झुकते. परंतु हाच तराजू रिकामा टांगून ठेवा व त्याजवळून कोणी पदर हालवीत जाऊं द्या! दांडी एकदां इकडे, एकदां तिकडे झुलत राहील. सराफ आपला कांटा कांचेच्या पेटींत ठेवतो तो याचसाठीं. त्यांतहि सराफाला डोळे आहेत. पारडीं रिकामीं आहेत हें त्याला दिसतें. आमच्या ग्राहकाला तें दिसत नाहीं. त्याला ‘एक’ आणि ‘शून्य’ असे दोनच शब्द येतात, आणि मुकाट बसण्याची त्याला परवानगी नाहीं. दांडी मध्यावर थरथरत असली तरीहि त्यानें प्रत्येक क्षणीं दोहोंपैकीं एक शब्द उच्चारलाच पाहिजे.

आतां आंकडे घेऊं. आमच्या यंत्रांतील तार ज्या नियमांनीं बोलते त्यांना आर. एस. ४८५ असें नांव आहे. अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेनें ते १९८३ मध्यें प्रसिद्ध केले, व आजहि कारखान्यांत ते सर्रास वापरांत आहेत. पहिल्या तारेचा दाब दुसरीहून २०० मिलिव्होल्टांनीं अधिक असेल तर ग्राहकानें ‘एक’ म्हणावें. तितकाच उणा असेल तर ‘शून्य’ म्हणावें. बोलणाऱ्या प्रेषकानें निदान १.५ व्होल्ट फरक घालावा असें बंधन असल्यामुळें बोलणें चालूं असतां कांहीं अडचण येत नाहीं. पण या दोन २०० च्या मधल्या ४०० मिलिव्होल्टांच्या पट्ट्यांत ग्राहकानें काय म्हणावें याविषयीं नियम गप्प आहे. आणि तार तुटली कीं फरक नेमका या पट्ट्याच्या मधोमध, शून्यावर, येऊन बसतो.

तो शून्यावर इतका नेमका कां येतो, यांतहि एक गंमत आहे. लांब तारेच्या टोंकाशीं संकेत आपटून दरींतील प्रतिध्वनीप्रमाणें परत फिरतो. तो जिरविण्यासाठीं दोन्ही टोंकांना, तारांच्या मध्यें, १२० ओहमचा एकेक रोधक जोडतात. आमच्या मुलांनीं तो पुस्तकांत पाहून जोडला. खरें पाहतां १५० मीटरवर संकेताला जावयास एक मायक्रोसेकंदहि लागत नाहीं, आणि सेकंदास ९६०० या गतीनें आमचा प्रत्येक अंश सुमारें १०४ मायक्रोसेकंद टिकतो. म्हणजे प्रतिध्वनि केव्हांच विरून जातो, आणि हा रोधक नसता तरी चाललें असतें. उलट त्यानें एक अपायच केला. पुष्कळ ग्राहकांत, इनपुट अगदीं मोकळें राहिलें तर त्यानें ‘एक’ म्हणावें, अशी थोडी सोय आंतच केलेली असते. पण ती फार दुबळी. १२० ओहमच्या रोधकानें दोन्ही तारा एकत्र ओढल्या कीं तिचें कांहीं चालत नाहीं. चांगल्या पुस्तकांतली गोष्टहि ती कशासाठीं सांगितली आहे हें न विचारतां उचलली म्हणजे असें होतें.

‘एक’च्या ठिकाणीं ‘शून्य’ उमटला, तर त्यांत एवढें काय बिघडलें? अक्षर पाठविण्याच्या या पद्धतींत विश्रांतीची खूण ‘एक’ ही आहे, आणि ‘ऐका, अक्षर येत आहे’ याची खूण ‘शून्य’ ही. शेजारच्या मळ्यांतील मोटर सुरू झाली, तुटलेल्या तारेच्या उरलेल्या तुकड्यावर दहा-वीस मिलिव्होल्टांची लहर उठली, ग्राहकाची दांडी क्षणभर ढळली, आणि मायक्रोकंट्रोलर सावध झाला. पुढील आठ अंश त्यानें जे दिसले ते टिपून घेतले. झालें एक अक्षर! आठ अंशांचीं अक्षरें २५६ होतात. मिनिटास अशीं चार-पांच खोटीं अक्षरें आलीं, तर सरासरीनें तासाभरांत ‘पंप लावा’ हें अक्षर एकदां यावयाचेंच. गोंगाट म्हणजे कांहीं फासा नव्हे, व सर्व अक्षरें तो सारख्याच वेळां टाकतो असेंहि नाहीं. तथापि पहारेकऱ्याच्या सांगण्याशीं हा हिशेब बराच जुळतो. मग ‘थांबवा’ हेंहि अक्षर कधीं तरी येई, व पंप आपण होऊन बंद पडे.

उपाय तराजूवाल्याला विचारूं. पारड्यांत थोडें वजन कायमचें ठेवून द्यावें, म्हणजे वाऱ्यानें दांडी ढळणार नाहीं. बाजारांत त्याला पासंग म्हणतात. लबाड दुकानदाराचा पासंग निंद्य खरा. येथें मात्र आपण तो उघडपणें, मोजून ठेवणार आहों. पहिल्या तारेपासून ५ व्होल्टांकडे एक रोधक आणि दुसऱ्या तारेपासून जमिनीच्या तारेकडे तेवढाच दुसरा रोधक जोडला, कीं कोणीहि बोलत नसतां पहिली तार किंचित् वर व दुसरी किंचित् खालीं राहते.

किती जड पासंग ठेवावा? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं पुढील गणित स्वतः करून पाहावें. दोन्ही टोंकांचे १२० ओहमचे रोधक समांतर मिळून ६० ओहम होतात. त्यांवर २०० मिलिव्होल्ट पडावयास ३.३३ मिलिअँपिअर प्रवाह हवा. ५ व्होल्टांतून तो मिळावयास एकंदर रोध १५०० ओहम असावा. ६० वजा करून उरले १४४०, म्हणजे प्रत्येक बाजूस ७२०. ही अगदीं कडेची मर्यादा झाली. आमच्या मुलांनीं ५६० ओहमचे रोधक घेतले होते. त्यांनीं फरक २५४ मिलिव्होल्ट येतो. गणित निर्दोष होतें, व परीक्षा घेतांना आम्हीं त्याला पूर्ण गुण दिले असते.

कारण पासंग होताच! दिवाळीपूर्वींहि होता. मग पंप कां फिरला?

तो टाकीच्या बाजूस होता. टाकीजवळच्या पेटींत जागा अधिक म्हणून मुलांनीं ते दोन रोधक तेथें बसविले. तार अखंड असेपर्यंत त्यांचा परिणाम विहिरीपर्यंत पोंचत होता, आणि बोलण्याच्या मधल्या विश्रांतींत सर्व कांहीं शांत होतें. कुदळ पडली तेव्हां पासंग टाकीकडे राहिला, आणि विहिरीकडील ग्राहकाजवळ राहिला फक्त त्याचा १२० ओहमचा रोधक व तारेचा एक लोंबता तुकडा. शांतता राखणारी वस्तु ज्या मार्गानें येत होती तोच मार्ग तुटला. ही चूक आम्हांला तीन दिवसांनीं सांपडली, आणि ती सांपडल्यावर इयत्ता नववींतील एका मुलीनें सहज म्हटलें कीं, पासंग ज्याच्या त्याच्या तराजूला बांधलेला पाहिजे. याहून नेमक्या शब्दांत ती आम्हांला सांगतां आली नसती.

आतां दोन्ही टोंकांना ५६० ओहमच्या जोड्या बसविल्या आहेत. येथें गणितानें एक सुंदर गोष्ट दाखविली. तार तुटलेली असतां प्रत्येक टोंकाला आपला १२० ओहमचा रोधक व आपलीच पासंगाची जोडी एवढेंच असतें. एकूण रोध १२४० ओहम, प्रवाह ४.०३ मिलिअँपिअर, आणि फरक ४८४ मिलिव्होल्ट. तार जोडल्यावर ६० ओहम व दोन जोड्या समांतर धरून पुन्हां गणित केलें तर फरक येतो ४८४ मिलिव्होल्टच! दोन्ही अर्धीं सारखींच असल्यामुळें तीं जोडल्यानें किंवा तोडल्यानें कांहीं बदलत नाहीं. मुलांनीं मीटरवर पाहिलें तेव्हां सुमारें ४७० आले. बाजारांतील रोधकांचे आंकडे तंतोतंत नसतात, त्याअर्थीं हें ठीकच म्हणावें. मात्र पासंग याहून जड करतां येत नाहीं. दोन जोड्या व ६० ओहम मिळून प्रेषकावर सुमारें ५४ ओहमचा भार पडतो, आणि आर. एस. ४८५ च्या नियमांत प्रेषकाची परीक्षा नेमकी ५४ ओहमवरच घेतलेली आहे. त्याहून जास्त ओझें टाकलें तर शांतता उत्तम राहील, पण बोलणाऱ्याचा आवाज दबेल.

या दोन रोधकांनीं आणखी एक काम होतें, तें बहुधा लक्षांत येत नाहीं. दोन तारांतील फरक कितीहि चांगला असला तरी दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तारेपासून फार दूर वाहवत गेल्या तर ग्राहक गोंधळतो; उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढेंच अंगण त्याला दिलेलें आहे. तुटलेल्या जोडीला कोठें तरी खुंटीला बांधलेलें असावें लागतें, व ती खुंटीहि या रोधकांनीं मिळते. ज्यांना थर्मोकपलची किंवा दुसरी सूक्ष्म मापनें करावयाचीं आहेत त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. वर्धकाच्या इनपुटांत शिरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला परत जावयास वाट ठेवली नाहीं, तर तो साठत जाऊन वर्धकाचा कांटा एका टोंकाला जाऊन चिकटतो.

कुदळीनें तारा तुटण्याऐवजीं एकमेकींवर दाबल्या गेल्या असत्या तर? मग कितीहि पासंग असला तरी फरक शून्यच. यासाठीं आम्हीं ग्राहकहि बदलले. नव्या जातीच्या ग्राहकांत ‘शून्य’ म्हणण्याची मर्यादा उणे ५० ते उणे २०० मिलिव्होल्टांच्या दरम्यान सरकविलेली असते. त्यामुळें फरक शून्य असला तरी त्यांचें उत्तर ‘एक’ असेंच येतें. असा ग्राहक घेतला कीं पासंगाची गरज नाहीं, असें पुष्कळजण म्हणतात. आम्हांला तें पटत नाहीं. शून्य आणि उणे ५० यांत अंतर तें किती? शेजारच्या मोटरीची लहर एखादे दिवशीं तेवढी उठेल.

दांडी एका बाजूस झुकवून ठेवावयाची हें ठरलें. पण कोणत्या बाजूस, हा प्रश्न विद्युच्छास्त्राचा नव्हे, कामाचा आहे. भट्टीचें उष्णमान मोजणारी थर्मोकपलची तार तुटली, व मापकानें ‘भट्टी थंड आहे’ असें म्हटलें, तर नियंत्रक तीखालीं आणखी उष्णता घालीत राहील व भट्टी जळून जाईल. म्हणून अशा मापकांत अतिसूक्ष्म प्रवाह सोडून ठेवतात. तार तुटतांच कांटा वरच्या टोंकाला जातो, आणि नियंत्रक भट्टी विझवितो. इस्पितळांत हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या यंत्राची गोष्ट याहूनहि नाजूक आहे. छातीवरील पट्टीतून येणारा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्ट. पट्टी सुटली कीं मोकळी तार खोलींतील दिव्यांच्या ५० हर्ट्झच्या विजेची लहर पकडते, आणि पडद्यावर कांहीं तरी वळवळत राहतें. तेथें कोणत्याहि बाजूस झुकणें खोटेंच ठरेल. म्हणून पट्टी जागेवर आहे कीं नाहीं हें यंत्र स्वतंत्रपणें तपासतें, व ती सुटली असेल तर तसें स्पष्ट सांगतें. ध्वनिवर्धकाचें त्याहून सोपें. तेथें शून्य म्हणजेच शांतता, म्हणून न वापरलेल्या इनपुटाच्या दोन्ही तारा एकत्र करून जमिनीला जोडल्या कीं झालें. संमेलनांत मायक्रोफोनची मोकळी तार बोटानें चांचपून सभागृहभर गुरगुर उठविणाऱ्या स्वयंसेवकांना हा उपाय ठाऊक असता तर बरें झालें असतें.

आमच्या पंपाच्या बाबतींत ‘निरोप नाहीं’ याचा अर्थ ‘थांबा’ असाच हवा. तसा अर्थ तारेला शिकवितां येत नाहीं. तो मायक्रोकंट्रोलरला शिकवावा लागला. आतां एका अक्षरावर पंप लागत नाहीं. निरोपाच्या आरंभीं ठराविक खूण, मग पत्ता, मग आज्ञा, आणि शेवटीं १६ अंशांची ताळ्याची संख्या. गोंगाटानें बाकी सर्व चुकून बरोबर आणलें तरी ही संख्या जुळण्याचा संभव ६५,५३६ त एक. शिवाय ‘लावा’ ही आज्ञा टाकीनें दर पांच सेकंदांनीं पुन्हां द्यावयाची, व पंधरा सेकंदांत ती आली नाहीं तर विहिरीकडील यंत्रानें पंप थांबवून तांबडा दिवा लावावयाचा. यामुळें तार तुटली तर वसतिगृहाला पाणी मिळणार नाहीं, मुलें कुरकुरतील, आणि कोणी तरी तार पाहावयास जाईल.

माळीबुवांना या कशावरहि विश्वास बसला नाहीं, आणि तें योग्यच झालें. त्यांच्या सांगण्यावरून पंपाशेजारीं एक मोठा हातस्विच बसविला आहे. तो खालीं ओढून कुलूप लावलें कीं मोटरीकडे वीजच जात नाहीं, मग तारेनें कांहींहि बडबड करो. किल्ली त्यांच्या करगोट्याला असते. पंपाला हात लावण्यापूर्वीं ते प्रथम स्विच ओढतात, कुलूप लावतात, आणि मग गवत काढावयास बसतात.

जानेवारींत सर्व जोडणी पुरी झाल्यावर आम्हीं त्यांनाच बोलावून तारेचा प्लग उपटावयास सांगितलें. पंप चालूं होता. मुलें मोठ्यानें आंकडे मोजूं लागलीं. तेरा म्हणतांच पंप थांबला व तांबडा दिवा लागला. दोन आंकडे कसे कमी पडले याची मुलांत बराच वेळ चर्चा झाली. शेवटची आज्ञा प्लग उपटण्यापूर्वीं दोन सेकंद येऊन गेली असावी, असें त्यांनीं ठरविलें. माळीबुवा मात्र प्लग हातांत धरून आणखी तासभर तेथेंच बसून राहिले. शेजारची मोटर दोनदां सुरू झाली व दोनदां थांबली. आमचा पंप हालला नाहीं.